पूर्व आफ्रिकेचे वसाहतकाळातले फोटो: ऑनलाइन संग्रह सात महिने वापरल्यावर

ज्या संग्रहात फोटोची पाठ दिसत नाही, तो अर्धाच उघडला आहे असे समजावे. झांझिबार, मोंबासा आणि युगांडा रेल्वे (मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर) या तीन विषयांसाठी चार-पाच ऑनलाइन संग्रह सात महिने सतत वापरल्यावर पहिली शिफारस हीच. फोटोचा दर्जा बहुतेक ठिकाणी पुरेसा आहे. त्रास होतो तो फोटोखालच्या ओळीचा. पाचपैकी साडेतीन तारे, आणि कापलेला दीड जवळजवळ सगळा नोंदींपायी.

आधी कुठे काय मिळते ते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा विंटरटन संग्रह खास पूर्व आफ्रिकेचा आहे. 1860 ते 1960 या काळातले सुमारे 7,600 फोटो त्यात आहेत. रेल्वेसाठी सुरुवात इथूनच करावी. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने वसाहत खात्याचे फोटो 2011 मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर टाकले. त्यात सरकारी नजर आहे: पूल, इस्पितळे, गव्हर्नरांचे दौरे, मानवंदना. जर्मन पूर्व आफ्रिकेसाठी (आजचा टांझानियाचा मुख्य भूभाग, रवांडा, बुरुंडी) फ्रँकफर्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयातला जर्मन वसाहत सोसायटीचा संग्रह, सुमारे 55,000 चित्रांचा. मिशनऱ्यांचे फोटो पाहायचे तर बासेल मिशन, मात्र त्यातला आफ्रिकेचा भाग मुख्यतः पश्चिमेचा, घाना आणि कॅमेरूनचा. मंगळूर-धारवाडकडच्या वाचकांना हे नाव नवे नाही.

शोधपेटीत आजची नावे टाकली की निम्मे फोटो हाती लागत नाहीत. किसुमूचे जुने फोटो ‘पोर्ट फ्लॉरेन्स’ या नावाखाली असतात. मोंबासाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एस’ आणि दोन ‘एस’ असे दोन्ही शोध घ्यावेत. जर्मन नोंदींत झांझिबारची सुरुवात ‘झेड’ने न होता ‘एस’ने होते, बागामोयोतल्या ‘य’साठी ‘जे’ येतो आणि उजिजीतल्या प्रत्येक ‘ज’साठी डी-एस-सी-एच ही चार अक्षरे. भारतीय माणसे शोधताना ‘इंडियन’ला मोजकेच निकाल येतात. ‘कुली’, ‘बनियन’ (वाणी), ‘खोजा’ (गुजराती मुस्लिम व्यापारी जमात), ‘गोवानीज’ (गोवेकर) टाकले की ढीग पडतो. शब्द बोचतात, पण नोंद त्या काळच्या साहेबाने लिहिली आहे आणि यंत्र तेवढेच वाचते.

तारखांवर भरवसा ठेवू नये. ‘अंदाजे 1890’ म्हणजे बऱ्याचदा अल्बमच्या पुठ्ठ्यावरून केलेला तर्क. सुदैवाने झांझिबारचा किनारा स्वतःच तारीख सांगतो. 27 ऑगस्ट 1896 रोजी ब्रिटिश नौदलाने राजवाड्यावर तोफा डागल्या. त्याआधीच्या फोटोंत बेत-अल-अजाइब या सुलतानाच्या 1883 च्या महालासमोर वेगळा उभा मनोरा दिसतो. पुढे 1897 मध्ये नवा घड्याळ-मनोरा इमारतीच्या दर्शनी भागातच बांधला गेला. म्हणजे मनोरा सुटा असेल तर तोफांच्या आधीचा फोटो, इमारतीला जोडलेला असेल तर नंतरचा. दुसरी खूण पाण्यात आहे. तोफा डागल्या त्याच दिवशी सुलतानाचे ‘ग्लासगो’ हे जहाज बंदरात बुडाले आणि त्याच्या डोलकाठ्या 1912 मध्ये सांगाडा काढेपर्यंत पाण्याबाहेर होत्या. किनाऱ्यासमोर नुसत्या डोलकाठ्या दिसल्या की फोटो या सोळा वर्षांतला. एवढ्या दोन खुणांवर झांझिबारच्या किनाऱ्याचे पुष्कळ फोटो लावता येतात.

रेल्वेचेही तसेच. मोंबासात काम 1896 मध्ये सुरू झाले, रूळ नैरोबीला 1899 मध्ये आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी डिसेंबर 1901 मध्ये पोचले. रुळांआधी नैरोबी हे शहरच नव्हते, तेव्हा ‘नैरोबी स्टेशन, 1896’ अशी नोंद दिसली तर ती सरळ खोडावी. नैरोबीपुढच्या किकुयू कड्यावर दोरखंडाने डबे उतरवण्याची तात्पुरती सोय होती. ती कायमचा मार्ग होईपर्यंतच चालली, त्यामुळे ते फोटो 1900–01 च्या आसपासचे धरावेत.

पोस्टकार्डांवर तिकीट मोठे साक्षीदार. झांझिबारच्या तिकिटांवर 1908 पर्यंत आणे होते, मग सेंट आले. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत हा बदल 1907 चा. मात्र तिकीट आणि शिक्का एवढेच सांगतात की फोटो कार्ड टपालात पडले त्या दिवसाच्या आधी काढला होता. किती आधी, ते सांगत नाहीत. दहा वर्षे जुनी काच (तेव्हाची निगेटिव्ह) पुन्हा छापून विकणे त्या धंद्यात नेहमीचे होते. कार्डाच्या पाठीवर मधली उभी रेघ नसेल तर ते साधारण 1906 च्या आधीचे. आणि इथेच संग्रह घात करतात: पाठीचा स्कॅन नाही, म्हणजे तिकीट, शिक्का, रेघ, प्रकाशकाचे नाव, सगळेच गेले.

फोटोतले रंग वाचताना एक चूक सगळ्यांकडून होते. त्या काळच्या काचा निळ्याला जागायच्या, लालला जवळजवळ आंधळ्या होत्या. झांझिबारच्या सुलतानाचा झेंडा पूर्ण लाल, म्हणून फोटोत तो काळा दिसतो. त्यावरून दुखवट्याची कथा रचू नये. याच कारणाने आकाश कोरे पांढरे येते आणि सावळी कातडी होती त्याहून खूप काळी. ‘कॉन्ट्रास्ट’ वाढवून लावलेल्या प्रतींत चेहऱ्यांचे नाक-डोळेही उरत नाहीत. वाढवायचेच असेल तर मूळ टिफ (दर्जा न घटवलेली फाइल) घेऊन फक्त गडद भाग हलकेच उजळावा.

उलटे फोटो अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. काच चुकीच्या बाजूने स्कॅन केली की उजवे डावे होते. दुकानाची पाटी, मनगट, बंदुकीचा बोल्ट, शर्टाची बटणपट्टी पाहून ताडावे. जादूच्या कंदिलाच्या (पडद्यावर चित्र टाकणाऱ्या जुन्या यंत्राच्या) काचांवर कोपऱ्यात एक ठिपका चिकटवलेला असतो. चित्र सरळ धरले तर तो बहुतेक काचांवर खाली डावीकडे येतो. उजवीकडे दिसला तर चित्र उलटे. काचेवरचा क्रमांकही कामी येतो: शाईने लिहिलेला छापात पांढरा उमटतो, ओरखडून काढलेला काळा.

आकाराचा हिशेब. 9×14 सेंटीमीटरचे कार्ड 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केले तर लांब बाजू सुमारे 3,300 पिक्सेल होते, 300 ला फक्त 1,650. छापील ठिपके की खरा फोटो, हे कमी आकारात ओळखता येत नाही, उलट ठिपक्यांची जाळी लाटांसारखी दिसते. कंदिलाची काच जेमतेम 8 सेंटीमीटरची, तिला 1200 हवेत. उतरवताना फाइलच्या नावातच संग्रहाचा क्रमांक लिहावा. आठवड्याने ‘इमेज 47’ कुठून आली हे कुणालाही सांगता येत नाही.

गोव्याच्या वाचकांना रस वाटेल असा भाग स्टुडिओंचा. झांझिबारमधली गोम्स आणि कुतिन्यो ही नावे गोवन छायाचित्रकारांची. त्यांच्या स्टुडिओतला पडदा, खुर्ची, फरशी एकदा ओळखीची झाली की एकच बाई दोन कार्डांवर दोन वेगळ्या जमातींची म्हणून विकली गेलेली सापडते. म्हणून ‘अमुक जमातीची स्त्री’ या ओळीला पुरावा मानू नये. ती बाजाराची ओळ आहे. मात्र त्याच कार्डावरचे कापड, केसांची घडण, दागिने यांची नोंद घ्यायला हरकत नाही, अर्थात ते स्टुडिओच्या पेटीतले नाहीत ना, हे दोन-चार कार्डे शेजारी ठेवून पाहावे.

सगळ्यात धोक्याची ओळ साखळीची. गळ्यात साखळी घातलेल्या माणसांची रांग दाखवणारे पुष्कळ फोटो आज ‘गुलाम’ म्हणून फिरतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर हमखास. त्यांतले बरेच जर्मन आणि ब्रिटिश अमलातल्या कैद्यांचे आहेत, सक्तमजुरीचे. झांझिबारचा गुलामबाजार 1873 मध्ये बंद झाला आणि गुलामगिरीची कायदेशीर मान्यता 1897 मध्ये गेली. पोशाख, पहारेकऱ्याचा गणवेश आणि कार्डाची जर्मन ओळ पाहिली की बहुधा उलगडा होतो. वसाहतीची क्रूरता त्याने कमी होत नाही, पण ती कुणाची आणि कधीची हे बदलते.

रेल्वेच्या अल्बमांत हेच दुसऱ्या रूपात दिसते. भारतातून, मुख्यतः पंजाबातून आणि कराचीमार्गे, 31,983 मजूर नेले, 2,493 मेले. फोटोखाली युरोपियन इंजिनियरांची नावे डावीकडून उजवीकडे लिहिलेली, मागच्या रांगेला फक्त ‘कुली’. नाव शोधण्यासाठी फोटोंचा संग्रह कामाचा नाही, त्यासाठी भरतीची कागदपत्रे धुंडाळावी लागतात.

छापायला वापरायचे असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: फोटोचा हक्क संपला असला तरी स्कॅन वापरण्याच्या अटी संग्रहागणिक निराळ्या असतात. संग्रहाला पाठवायच्या मेलमध्ये क्रमांक, छापील आकार, प्रतींची संख्या आणि भाषा एकदमच कळवावी, म्हणजे उलट प्रश्नांच्या फेऱ्या वाचतात. आणि त्याच मेलमध्ये पाठीचा स्कॅन मागावा. संकेतस्थळावर नसलेली पाठ मागितल्यावर मिळाल्याचे या सात महिन्यांत दोनदा घडले.