फ्रेट क्लासचे मोफत कॅल्क्युलेटर कितपत भरवशाचे?

अमेरिकेत पार्ट लोडने (पूर्ण ट्रक न घेता), म्हणजे तिकडच्या भाषेत एलटीएलने, माल पाठवायचा तर भाडं फ्रेट क्लासवर, म्हणजे मालाच्या श्रेणीवर ठरतं, आणि ही श्रेणी मुख्यतः मालाच्या घनतेवरून काढतात. क्लास एकूण 18: सर्वांत स्वस्त 50, सर्वांत महाग 500. न्हावा शेवाहून गेलेला कंटेनर तिकडे रिकामा होऊन माल पॅलेटने पुढे निघाला, की इथल्या निर्यातदारालाही हे गणित टळत नाही. वाहतूक कंपन्यांच्या साइटवर त्यासाठी मोफत कॅल्क्युलेटर मिळतात.

भागाकार ते चोख करतात. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणायची, 1728 ने भागायचं, की घनफूट. पौंडांतलं वजन भागिले घनफूट म्हणजे घनता. 48 × 40 × 48 इंचांचं, 500 पौंडांचं पॅलेट घ्या. 53.33 घनफूट, घनता 9.38, क्लास 100. आता खोके चारी बाजूंनी इंचभर बाहेर आले आणि उंची 52 झाली: घनता 7.91, क्लास थेट 125. खोक्यावर छापलेली मापं बेरजेला घेतली तर हा फुगवटा हिशेबात येतच नाही. टर्मिनलवरचं डायमेन्शनर, म्हणजे मापं घेणारं यंत्र मात्र तो बरोबर पकडतं. मग फरकाचं भाडं आणि वर तपासणीचं शुल्क. म्हणून टेप लावायची ती रॅपिंग झाल्यावर, सर्वांत बाहेरच्या टोकांना. लाकडी पॅलेटची उंची आणि वजन दोन्ही धरायचं.

खरी अडचण जुन्या कोष्टकाची. 19 जुलै 2025 पासून घनतेचे 13 टप्पे लागू आहेत. पूर्वीच्या 11 टप्प्यांत 30 च्या वरच्या घनतेचं सगळं क्लास 60 मध्ये जायचं. आता घनता 35 पासून क्लास 55 आणि घनता 50 पासून क्लास 50. कॅल्क्युलेटर अद्ययावत आहे का, हे अर्ध्या मिनिटात कळतं: 48 × 40 × 24 इंच, 1400 पौंड घाला. घनता 52.5 येते. उत्तर 60 आलं तर ती साइट बंद करा. फोर्जिंग, कास्टिंगसारखा जड माल पाठवणाऱ्यांनी तर हे आधी करावं.

सेंटिमीटर-किलोचा पर्याय नसेल तर घनमीटरमागचे किलो काढून 16.02 ने भागा, हाताने झटपट होतं.

घातक, नाजूक किंवा जास्त लांबीच्या मालाला मात्र नुसती घनता पुरत नाही. तिथे एनएमएफसीचा, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या अमेरिकी यादीतला आयटम नंबरच बघावा लागतो. तो ही यादी चालवणाऱ्या एनएमएफटीए संघटनेच्या क्लासआयटी प्लस या ऑनलाइन सेवेवर मिळतो, पण त्याला पैसे पडतात. महिन्याला दोन-चार पॅलेट पाठवणाऱ्याने मालवाहतुकीच्या ब्रोकरकडूनच नंबर मागून घ्यावा आणि बिल ऑफ लेडिंगवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) क्लाससोबत मापंही लिहावीत.