नवीन अल्बम: फोनवरच ऐकू, डाउनलोड विकत घेऊ, की एलपी मागवू?

परवा राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर मावसभावानं विचारलं, "दादा, नवीन अल्बम आलाय, एलपी मागवू का? का फोनवर हाय ते बास?" (एलपी म्हणजे सुईवर वाजणारी ती मोठी तबकडी.) त्याला हा गिटार घेऊन स्वतःच लिहिलेलं स्वतःच गाणाऱ्यांचा नाद लागलाय, इंडी फोक रॉक म्हणतात ते. (आपले शाहीर तरी वेगळं काय करायचे, फक्त हातात डफ आणि आवाज चौकभर. ही मंडळी कानात कुजबुजतात एवढाच फरक.) मी बोलायला लागलो आणि त्याचा चहा गार झाला, म्हणून आता लिहूनच काढतो.

पहिलं म्हणजे तू ऐकणार कुठं ते सांग. रंकाळ्यावर संध्याकाळी इअरफोन घालून ऐकणार असशील तर भावा विषयच संपला, तिथं हॉर्न, भेळवाले, पोरांचा दंगा, त्यात गिटारच्या तारेवर बोट घासल्याचा आवाज कुठला ऐकू येतोय. तिथं स्ट्रीमिंगच. पन्हाळ्याला गाडीवरनं जाताना तर काय बी लावलंस तरी वारंच ऐकणार, आणि तसंही गाडीवर इअरफोन घालू नको.

स्ट्रीमिंगचा फायदा उघड आहे, रात्री बाराला अल्बम आला की बारा वाजून एक मिनिटाला तू ऐकतोयस, वेगळे पैसे नाहीत. पण फुकटच्या प्लॅनवर हे संगीत ऐकणं म्हणजे शिक्षा आहे. एखादी गायिका हळू आवाजात काहीतरी जीवघेणं गाऊन थांबते, एक सेकंद शांतता, आणि लगेच जाहिरात किंचाळते. डीजेच्या गाण्यात हे खपून जातं, इथं सगळा मूडच जातो. आणि पैशाचं म्हणशील तर स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत ज्या गाण्याला १,००० स्ट्रीम झाले नाहीत त्याचे पैसेच मिळत नाहीत. मोठ्या नावांना काय फरक पडत नाही, पण नुकतं सुरू केलेल्या पोराला पडतो.

डाउनलोड विकत घेणं हे आपल्याकडं कुणाला सुचतच नाही, आणि माझं मत विचारशील तर हाच खरा सौदा आहे. बँडकॅम्प म्हणून गाणी विकणारी वेबसाइट आहे, तिथं अल्बम घेतलास की डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, पेमेंटवाल्याचा कट जातो, बाकीचे गाणाऱ्याच्या बाजूला जातात. तुला एमपी३ पण मिळते आणि फ्लॅक पण, म्हणजे आवाजातलं काहीच न कापता छोटी केलेली फाइल. पाऊण तासाच्या अल्बमची एमपी३ शंभरेक एमबी, फ्लॅक त्याच्या अडीच-तीन पट, फोनला एवढी जागा असतेच. पण एक लक्षात ठेव, फ्लॅक घेऊन ब्लूटूथवर ऐकणार असशील तर बहुतेक वेळा आवाज परत दाबला जातो, मग फ्लॅक कशाला घेतलं? दोन-चारशेचा वायरवाला इअरफोन घे, लई फरक पडतो. फोनला भोक नसलं तर ते छोटं कनेक्टर मिळतं.

आता एलपी. मला मोह कळतो, मी स्वतः पडलोय त्यात. एड्रियन लेंकर या अमेरिकन गायिकेचा 'ब्राइट फ्यूचर' मार्च २०२४ मध्ये आला, तो टेपवर रेकॉर्ड केलेला, तेव्हा वाटतं की असलं संगीत तबकडीवरच ऐकावं. पण आतली गोष्ट सांगतो. १२ इंची तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच नीट बसतात, त्यापुढं ताणलं की आवाज बारीक होतो. सुई आतल्या गाण्याकडं सरकत जाते तसं 'स' आणि 'श' फाटल्यासारखे लागतात. आणि मुख्य म्हणजे रॉकच्या दणदणाटात धुळीचा चरचर आवाज लपतो, एकट्या गिटारमागं तो उघडा पडतो. म्हणजे ज्या संगीतासाठी लोक एलपी घ्या म्हणतात तेच एलपीला सगळ्यात अवघड.

वर खर्च बघ. बाहेरनं येणारी एलपी अडीच-तीन हजाराच्या पुढंच जाते, प्लेअर वेगळा, सुईचा बारीक आवाज वाढवणारा प्रीअँप वेगळा, स्पीकर वेगळे. सुटकेससारखे स्वस्त प्लेअर दिसतात त्यांच्या नादाला लागू नको, त्यातल्या बऱ्याच जणांची सुई तबकडीवर चांगल्या प्लेअरच्या दुप्पट वजन टाकते. आणि कोल्हापूरचा जुलै! माझ्या दोन कव्हरांना बुरशी आली, एक पार्सल कुणीतरी दारात उन्हात ठेवून गेलं आणि तबकडी पापडासारखी वाकली. वाजतीय अजून, पण सुई होडीत बसल्यासारखी वरखाली होते.

पण एलपीचं एक मला मान्य आहे. ती लावली की माणूस बसतो. वीस मिनिटांनी उठून बाजू बदलायला लागते, तोपर्यंत पुढचं गाणं ढकलायचं नाही, मेसेज बघायचे नाहीत. इथल्या देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकीला जाऊन आलेली माझ्या आजोबांची पिढी अशीच ऐकायची, मांडी घालून, मधेच उठणं नाही. अर्थात फोन दुसऱ्या खोलीत ठेवून डाउनलोडवर पण तसं बसता येतं, तीन हजार कशाला घालवायचे.

तर तू असं कर. दोनदा स्ट्रीमिंगवर ऐक. तिसऱ्यांदा आपसूक लावावंसं वाटलं तर डाउनलोड विकत घे. घरात चांगला प्लेअर आधीपासून असता तर एलपी घे म्हटलं असतं, तुझ्याकडं नाही, म्हणून नको. डाउनलोडचे पैसे भरताना यूपीआय चालणार नाही, बँकेच्या ॲपमधनं कार्डचं इंटरनॅशनल ऑनलाइन चालू करायला लागतं, नवीन कार्डावर ते बंदच असतं. आणि अल्बम घेऊन झाला की ते परत बंद कर, विसरू नको.