घटक दहा: रक्तात मोकळा की पडद्यावर चिकटलेला?

बोट कापलं की काही मिनिटांत रक्त थिजतं. त्यात घटक दहा या विकराचं (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनाचं) सक्रिय रूप प्रोथ्रॉम्बिन हे रक्तातलं प्रथिन कापून गुठळी घडवणारं थ्रॉम्बिन तयार करतं. रक्तद्रवात मोकळा फिरताना मात्र त्याचं काम फारच रडतखडत चालतं. प्लाझ्मात प्रोथ्रॉम्बिन असतं लिटरमागे जेमतेम 0.1 ग्रॅम; एवढ्या विरळ गर्दीत दोघांची गाठ पडणार कधी?

तोच विकर प्लेटलेट या रक्तकणिकेच्या मेदपटलावर, म्हणजे तिच्या मेदाच्या पडद्यावर, बसला की चित्र पालटतं. जखमेपाशी जाग्या झालेल्या प्लेटलेट्स एरवी पडद्याच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेद बाहेर काढतात. कॅल्शियमच्या मदतीने विकर आणि प्रोथ्रॉम्बिन दोघंही तिथे चिकटतात, त्यामुळे कमी प्रोथ्रॉम्बिनवरही भागतं. शेजारी सक्रिय घटक पाच हे मदतनीस प्रथिन आलं की वेग मोकळ्या विकराच्या सुमारे 3,00,000 पट होतो! याचं सगळं श्रेय पडद्याला देणं मला पटत नाही. पडदा मुख्यतः गाठ घालून देतो. कापण्याचा झपाटा वाढवतो तो घटक पाच.

आणि पडदा जास्त म्हणजे वेग जास्त, असंही नाही. परीक्षानळीत मेदाचे कण वाजवीपेक्षा जास्त घातले, तर विकर एका कणावर, घटक पाच दुसऱ्यावर अशी पांगापांग होते आणि वेग उतरतो.

तरीही शरीरासाठी मला पडद्याचीच बाजू भक्कम वाटते, कारण गुठळी जखमेपाशीच धरते. या चिकटण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. नवजात बाळाच्या मांडीत त्याचं इंजेक्शन देतात ते त्यासाठीच.