अर्धशिशीसाठी आठ महिने अ‍ॅक्युपंक्चर: माझ्या वहीतले आकडे

सुया टोचून घ्यायला लागण्याआधी दोन महिने मी एक वही ठेवली होती. डोकं दुखलेला प्रत्येक दिवस आणि घेतलेली प्रत्येक गोळी त्यात लिहायचो. तेव्हा महिन्यातले सरासरी 9 दिवस अर्धशिशी खायची. आता, आठ महिन्यांनी, 5. गेली नाही, पण कमी झाली, आणि माझ्यासाठी ते चार दिवस फार मोठे आहेत.

सगळे पहिल्यांदा विचारतात, दुखतं का? इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. त्वचेतून जाताना डास चावल्यासारखं वाटतं. खरी गंमत नंतर, सुई हलकेच फिरवली की. आत जडपणा येतो, मंद ठणका पसरतो. चिनी भाषेत याला 'दे-ची' म्हणतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बिंदूवर तो इतका जोरात येतो की ती एक सुई मला अजूनही नकोशी वाटते. (गरोदरपणात हा बिंदू सहसा टाळतात, तेव्हा आधीच सांगा.) मग वीस-पंचवीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. मी बहुतेक वेळा घोरतो, असं कळलंय.

पहिल्या चार सिटिंगला काहीच फरक नव्हता आणि मी सोडणारच होतो. सहाव्यानंतर वहीत रिकामे दिवस दिसू लागले. सहा आठवड्यांत दहा सिटिंग झाली, आता महिन्यातून एकदा जातो.

हे सगळं मनाचेच खेळ असतील का? काही अंशी, हो. कॉक्रेन ही जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या 2016 च्या आढाव्यात अर्धशिशीच्या 22 चाचण्या आहेत. डोकेदुखी निम्म्यावर आलेले रुग्ण अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांत 41 टक्के होते, न घेणाऱ्यांत 17. पण ज्या चाचण्यांत खोट्या सुयांशी (म्हणजे टोचल्याचा नुसता आभास, किंवा भलत्याच जागी टोचलेल्या) तुलना केली, तिथे आकडे निघाले खऱ्या सुयांचे 50 आणि खोट्यांचे 41. म्हणजे सुयांचा स्वतःचा वाटा आहे, पण लहान. उरलेल्यात शांत पडून राहणं, कुणीतरी लक्ष देणं, बरं वाटेल ही आशा असं बरंच काही येतं. शिवाय त्याच काळात मी रात्री वेळेवर झोपू लागलो होतो. त्यामुळे चारही दिवसांचं श्रेय मी सुयांना देत नाही.

गुडघ्यासाठीही सुया लावून पाहिल्या. उपयोग शून्य. भिंतीवरच्या तक्त्यात मधुमेहापासून वंध्यत्वापर्यंत सगळंच होतं, त्याकडे मी दुर्लक्ष केलं. डॉक्टरांची रोजची गोळीही बंद केली नाही.

त्रास म्हणाल तर दोन-तीनदा निळे डाग पडले आणि एकदा उपाशीपोटी गेल्यामुळे चक्कर आली. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच जा. छातीवर खोल टोचलेली सुई क्वचित फुप्फुसाला भोक पाडू शकते, म्हणून शिकलेला हातच हवा. सुयांचं पाकीट समोर फोडायला सांगा. त्या निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असतात.

आणि मोजा. एकदा घरी येऊन केस विंचरताना कंगवा अडला. कानामागची सुई तशीच राहिली होती! तेव्हापासून लावताना मी मनात आकडा धरतो आणि काढताना मोठ्याने मोजतो. थेरपिस्टही आता माझ्याबरोबर मोजतात.