मुलांना पोहणं शिकवायचंय: आधी कोणतं प्रमाणपत्र?

मार्च संपत आला की नागपुरातल्या जलतरण तलावांवर उन्हाळी बॅचचे फलक लागतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे हंगाम चांगला लांबतो. याच दिवसांत बरं पोहणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींना विचारणा होते, "लहान पोट्ट्यांना शिकवशील का?" हो म्हणण्याआधी कोणता कोर्स करावा, यावर मात्र जो तो आपण केलेल्याचंच नाव सांगतो.

आपल्याकडे पोहणं शिकवायला सगळीकडे सक्तीचा असा एकच परवाना नाही. कोणाला उभं करायचं ते तलाव चालवणारे ठरवतात. प्रत्यक्षात समोर येतात ते चार पर्याय: जीवरक्षकाचं प्रमाणपत्र, पतियाळाच्या एनआयएसचा (नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा कोर्स, तिथलाच वर्षभराचा डिप्लोमा आणि बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी.

माझं मत आधीच सांगतो: लहान मुलांसाठी जीवरक्षकाचं प्रशिक्षण पहिलं, बाकी सगळं नंतर. ते शिकवायचं कसं हे फारसं सांगत नाही, ही त्याची मोठी उणीव. पण बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. ते पाण्यात उभं राहतं, मान मागे जाते, तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होतं आणि श्वास घेण्याच्या धडपडीत आवाजच निघत नाही. काठावरच्या आईला ते खेळतंय असं वाटू शकतं. हे ओळखणारी नजर सरावानेच तयार होते. शिवाय घाबरलेलं मूल थेट शिकवणाऱ्याच्या मानेला विळखा घालतं. तो सोडवून त्याला काठाशी कसं आणायचं, हे पाण्यात उतरूनच शिकावं लागतं. बुडालेल्याच्या शरीरात प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो. हे पुतळ्यावर करून पाहिलेलं नसेल तर ऐनवेळी हात थरथरतात. हे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी पुण्याची; पुणं नागपूरहून रात्रीच्या गाडीचं अंतर. सोबत रेडक्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचार कोर्सही करून टाका. प्रमाणपत्रावरची मुदत मात्र बघत जा.

एनआयएसचा सहा आठवड्यांचा कोर्स शिकवण्याची शिस्त देतो: स्ट्रोकची फोड, सरावाचं नियोजन, थोडं शरीरशास्त्र. नावाला वजनही आहे. अडचण एवढीच, की तो बहुधा उन्हाळ्यातच येतो, म्हणजे नेमका आपल्याकडच्या कमाईच्या दिवसांत. एक हंगाम सोडायची तयारी हवी. पात्रतेत शिक्षणाबरोबर स्पर्धेतला सहभागही विचारतात, त्यामुळे जिल्हा, विद्यापीठ, राज्य जिथे जिथे उतरलात तिथली प्रमाणपत्रं जपून ठेवा.

वर्षभराच्या डिप्लोमाचं गणित वेगळं. पदवी लागते, स्पर्धेतली कामगिरी वरच्या दर्जाची लागते आणि वर्षभर घर सोडावं लागतं. मुलं राज्य-राष्ट्रीय पातळीवर न्यायची असतील किंवा सरकारी प्रशिक्षकाच्या जागेवर डोळा असेल तर याला तोड नाही. सहा वर्षांच्या मुलाला पाण्यात तोंड घालून फुगे सोडायला शिकवण्यासाठी मात्र एवढा खटाटोप मला तरी पटत नाही. त्या वयात घड्याळ लावून पोहणं नसतंच. भीती घालवणं, श्वास सोडणं, तरंगणं, भिंत धरून पाय मारणं, एवढंच असतं. मूल सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडत असेल तर त्याची मांडी हाताने धरून कंबरेतून पाय हलवून दाखवावा लागतो, आणि तेही रोज.

बीपीएड पदवीनंतर दोन वर्षांचं. नागपुरात होतं, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं जुनं नाव आहेच. शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून कायम नोकरी हवी असेल तर हाच मार्ग. मुलांचं वय, वाढ, वर्ग सांभाळणं यांचा अभ्यास इथे सर्वांत चांगला होतो. पण पोहणं हे अनेक प्रात्यक्षिकांपैकी एक. त्यामुळे बीपीएड आहे म्हणजे पोहणं शिकवता येतंच, असं पालकांनी आणि तलाववाल्यांनीही समजू नये.

अमेरिकन स्विमिंग कोचेस असोसिएशनचे ऑनलाइन कोर्सही काहीजण करतात. तांत्रिक वाचनासाठी चांगले, पण पडद्यापलीकडून तुम्ही मूल कसं धरता हे कोणी पाहत नाही.

तेव्हा विद्यार्थी असाल, दोन महिने शिकवून बघायचं असेल, तर जीवरक्षक आणि प्रथमोपचार करून एखाद्या जुन्या सरांच्या हाताखाली बेबी पूलवर उभे राहा. स्वतंत्र बॅच पहिल्याच वर्षी घेऊ नका. आवड टिकली तर पुढच्या उन्हाळ्यात एनआयएसचे सहा आठवडे. पोलीस पडताळणीचा दाखला कोणी मागितला नाही तरी काढून ठेवा, आणि मुलींच्या बॅचला तलावावर महिला प्रशिक्षक आहे ना, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या.