चौपाटी सफाईची नावनोंदणी: आठ महिने वापरून

दादर चौपाटीवरच्या आमच्या सफाईसाठी जूनपासून ऑनलाइन फॉर्म आणि त्याला जोडलेली शीट वापरतोय. दोन्ही फुकटची. त्याआधी सगळा कारभार ग्रुपवरच्या यादीवर चालायचा. आधीची यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव लिहायचं, पुढे ‘+२’. दोघांनी एकाच वेळी कॉपी केली की एकाचं नाव गायब. सकाळी हातमोजे वाटायला घ्यावेत तर यादीत ४० नावं आणि समोर ५८ माणसं.

तो ‘+२’ आम्ही नव्या फॉर्ममध्येही तसाच नेला, ही आमची चूक. ‘सोबत किती जण?’ एवढाच प्रश्न. जुलैत शेजाऱ्यांबरोबर आलेला ९ वर्षांचा एक मुलगा अचानक दिसेना. पाणी चढायला लागलं होतं. शीट उघडली तर तो त्या ‘२’ मधला एक. पूर्ण नाव नाही, आईचा नंबर नाही. वीसेक मिनिटांनी मागच्या गल्लीतल्या नळावर पाय धुताना सापडला. माझे हात त्यानंतर बराच वेळ थरथरत होते.

त्याच रात्री फॉर्म बदलला. आता प्रत्येक पाहुण्याचं नाव, वय आणि घरच्यांचा नंबर वेगळा घेतो. वय १८ च्या खाली असेल तर पालकांच्या परवानगीचा भाग आपोआप उघडतो. उत्तराप्रमाणे पुढचे प्रश्न बदलण्याची ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांना मूलच धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. ‘कचरा उचलायला एवढी चौकशी?’ असं काही जण म्हणाले. त्यांना मी जुलैची गोष्ट सांगते, मग भरतात.

तारखेचा घोळ मात्र फॉर्मने सुटत नाही. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी सातला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी जवळपास भरती. त्यामुळे सफाई एकाआड एक रविवारी. लोक नेमके चुकीच्या रविवारी येतात. आता फॉर्मच्या मथळ्यातच तारीख आणि ओहोटीची वेळ ठळक लिहितो, आणि सफाई झाली की तिचा फॉर्म त्याच दुपारी बंद करतो. डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्यांना मेगाब्लॉकच्या आधी परतायचं असतं, म्हणून संपण्याची वेळही लिहितो.

दुसरी अडचण नावांची. कुणी मराठीत लिहितं, कुणी इंग्रजीत. शीट अक्षरानुसार लावली की इंग्रजी नावं वर, मराठी सगळी खाली. समोर माणूस उभा आणि ‘देशमुख’ शोधून सापडत नाही. बरेच दिवस यात गेले. मग मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांवर यादी लावली. ‘शेवटचे चार सांगा’ म्हटलं की दोन सेकंदांत नाव मिळतं.

शीट फक्त तिघांना उघडते. सुरुवातीला लिंक असलेल्या कुणालाही नंबर दिसत होते, ते लक्षात आल्यावर लगेच बंद केलं. महिन्याभराने पाहुण्यांचे नंबर पुसून टाकतो.

पावसात वाळूच्या हातांनी मोबाइल चालवता येत नाही, हे गृहीत धरा. आदल्या रात्री यादी छापून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, सोबत पेन्सिल. पेन ओल्या कागदावर उठत नाही.

आणि कोण आलं हे फॉर्म सांगतो, कोण गेलं हे नाही. त्यासाठी छापील यादीत शेवटी एक रकाना वाढवलाय. हातमोजे परत दिले की नावापुढे दुसरी खूण. सगळ्या खुणा पडेपर्यंत आम्ही तिघं वाळूवरून हलत नाही.