एस्सिटालोप्राम १० मि.ग्रॅ. : अकरा महिने घेतल्यानंतर

मी सेलूचा, कापसाच्या जिनिंगवर हिशेबाला आहे. मागच्या आषाढात परभणीच्या मनोविकार डॉक्टरांनी डिप्रेशन असल्याचं सांगितलं आणि ही गोळी सुरू झाली.

त्याआधी पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. भाकर घशाखाली उतरत नव्हती, काट्याच्या पावत्या दोनदा जुळवूनही बेरीज चुकायची. मरणाचे विचारही यायचे. डॉक्टरांनी ते सरळ विचारलं, मीही सरळ सांगितलं. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, मग आठवडाभर ५ मि.ग्रॅ. आणि नंतर १०.

आमच्याकडं फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. त्या दिवशी घरी आल्यावर मी आधी ते औषध घराबाहेर काढलं. धाकट्या भावाशी बांधावरून वर्षभर बोलणं बंद होतं, तरी त्यालाच बोलावलं आणि सांगितलं, हे सगळे डबे तुझ्या शेतातल्या आखाड्यावर ने, पेटीला कुलूप लाव, किल्ली मला देऊ नको. त्यानं काही विचारलं नाही. पोत्यात भरून घेऊन गेला.

आता गोळीबद्दल. पहिले दहा दिवस मळमळ, तोंडाला कोरड आणि जीवाची उगीच तगमग. पुष्कळ जण इथंच गोळी सोडतात, कारण त्रास लगेच सुरू होतो आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मला चौथ्या आठवड्यात फरक पडला, तोही बायकोनं सांगितल्यावर कळला: "आज तुम्ही दुसरी भाकर मागितली." शरीरसंबंधाची इच्छा मात्र कमी झाली. हे डॉक्टरांना सांगायला मी तीन महिने लावले, ते चुकलं. सांगितलं असतं तर आधीच काही मार्ग निघाला असता. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणायचो, तेही त्यांनी विचारल्याशिवाय घ्यायचं नाही म्हणून बजावलं. या गोळीसोबत त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दिवाळीत मामा म्हणाले, "डोक्याच्या गोळ्या कामून खातूस? सवय लागंल." बरं वाटतच होतं. बंद केली. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, चक्कर यायची. पुढं महिना भरायच्या आत पहाटे तीनची जाग परत आली. मामांनी सांगितलं म्हणून नाही, मी डॉक्टरांना न विचारता सोडली म्हणून हे झालं. नशेसारखी ओढ या गोळीनं लागत नाही, पण एकदम तोडली की शरीर असा त्रास देतं. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची आणि मग हळूहळू कमी करायची, असं डॉक्टरांनी समजावलं. तेव्हापासून कॅलेंडरवर दुधाचा रतीब लिहितो त्याच चौकटीत गोळी घेतल्याचं टिंब देतो. पट्टीतल्या पाच गोळ्या उरल्या की परभणीची गाडी धरतो.

गोळीनं झोप दिली, भूक दिली. पीककर्ज तसंच आहे, ते माझं मलाच फेडायचं आहे. आजारपणात मी लेकीवर खेकसलो होतो, तिची गणिताची वही अंगणात फेकली होती. आजार माझा दोष नाही हे मला मनापासून पटलंय, पण वही मी फेकली. संक्रांतीला तिच्यासमोर बसून तेवढं बोललो. तिनं विचारलं, "बाबा, गोळी बंद झाल्यावर परत तसंच होणार का?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या खेपेला तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, परत होऊ शकतं, म्हणून खुणा ओळखून ठेवा. माझ्या तीन आहेत: पहाटेची जाग, भाकर ताटात राहणं, फोन न उचलणं. त्या चिठ्ठीवर लिहून बायकोला आणि लेकीला दिल्या. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिला. तो मोफत आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. मी दोनदा लावलाय.

या महिन्यात गोळी अर्धी करायची की नाही ते ठरेल. लेकीनं चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलीय आणि रोज सकाळी माझ्या ताटाकडं बघते. मी तिला बघू देतो.